शेगडीमागची वीतभर फट

गेल्या डिसेंबरात बाबा न्यूमोनियातून उठले आणि आठवड्याभरातच म्हणाले, "फायरप्लेस पेटव." मी म्हटलं, बरं. चौऱ्याऐंशी वर्षांच्या माणसाला 'नाही' तरी किती वेळा म्हणायचं? चहात साखर नाही, जिना चढायचा नाही, गच्चीत बसायचं नाही. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं की पुढचा हिवाळा धरून चालू नका. बाबांना फक्त एकदा शेगडीसमोर खुर्ची टाकून बसायचं होतं, आणि मला ते जमवून द्यायचं होतं. त्या वेळी माझ्या मनात दुसरं काही नव्हतं.

फायरप्लेस हा शब्द बाबांचा. आई तिला शेगडी म्हणायची, म्हणून मीही शेगडीच म्हणते. बैठकीच्या भिंतीत विटांचं धुराडं बांधलेलं आहे आणि त्याच्या पोटात ही बिडाची जड पेटी सरकवलेली आहे. पुढे नक्षीदार दार, आत लाकडं रचायला जागा, वर धूर जायला गोल तोंड. पेटी आणि भिंत यांच्यामधली फट दिसू नये म्हणून चहूबाजूंनी एक लोखंडी चौकट लावलेली. इंदुरात फायरप्लेस म्हटल्यावर लोक हसायचे. आमच्याकडे थंडी ती केवढी, जेमतेम दोन महिने. पण हसणाऱ्यांना बाबा ती कुठून आणली ते सांगायचे आणि मग कुणी हसायचं नाही.

आजोबा महूला पलटणीत होते. त्यांची ड्यूटी एका साहेबाच्या बंगल्यावर असायची. थंडीच्या दिवसांत हीच शेगडी पेटवायची, साहेबाचं जेवण आटपेपर्यंत तिच्यात लाकडं घालायची आणि मध्ये वऱ्हांड्यात जाऊन उभं राहायचं. आमच्या जातीच्या माणसाला खोलीत बसू देण्याचा प्रश्नच नव्हता. बाबा त्याच महूला सरकारी वर्कशॉपमध्ये फिटर म्हणून लागले आणि पुढे इन्स्पेक्टर झाले. दुसऱ्यांनी केलेलं काम तपासायचं आणि पास किंवा नापास असा शिक्का मारायचा, ही त्यांची नोकरी. तो बंगला पाडायला काढला तेव्हा बाबांनी रीतसर अर्ज केला, त्यावर सही मिळवली आणि भंगारात जाणारी शेगडी टेम्पोत घालून इंदूरला आणली. आमचं घर तेव्हा बांधून होत आलं होतं. "माझ्या बापानं ती पेटवली, मी तिच्यासमोर बसणार," असं ते म्हणायचे. यावर कोण काय बोलणार? मला तर ही गोष्ट इतकी आवडायची की शाळेतल्या निबंधात मी ती दोनदा लिहिली.

एप्रिलमध्ये जयंतीला महूला जायला महाराष्ट्रातून आमचे नातेवाईक यायचे आणि आमच्याकडेच उतरायचे. त्याआधी घराला रंग लागायचा आणि शेगडीला काळं पॉलिश. बाबा स्वतः फडकं घेऊन बसायचे आणि दाराच्या नक्षीतला कणन् कण चमकवायचे. एप्रिलच्या उकाड्यात पाहुणे घाम पुसत त्या न पेटलेल्या शेगडीसमोर ओळीने बसायचे आणि फोटो काढून घ्यायचे. चौकटीच्या डाव्या अंगाला भिंतीवर दरवर्षी एक काळपट पट्टा उमटायचा. आई तो सोड्याने घासायची, रंगारी त्यावर दोन हात जास्त मारायचा आणि पाहुणे येईपर्यंत भिंत पांढरीशुभ्र व्हायची. तो पट्टा का उमटतो, हे आमच्या घरात कुणीही विचारलं नाही. मीही नाही, आणि मी तर विज्ञानाची शिक्षिका.

आईची जागा त्या पट्ट्याखाली होती. बाबांची खुर्ची समोर मधोमध, आणि आई बाजूला पाटावर, कारण लाकडं तिला घालायची असत. तिथे बसून ती भाजी निवडायची, स्वेटर विणायची आणि खोकायची. थोड्या वेळाने उठून मागची खिडकी बोटभर उघडायची आणि फटीत लाकडाची एक ढलपी अडकवायची, म्हणजे खिडकी वाऱ्याने लागायला नको. की बाबा सुरू.

"खिडकी कशाला खोलली? सगळी गरमी बाहेर जाते."

"धूर होतो ना हो."

"लकडी गीली असेल तर धूर होणारच. तुला हजारदा सांगितलं, सुखी बघून घेत जा."

मग बाबा माझ्याकडे बघायचे. त्यांना हाक मारावी लागायची नाही. मी उठायचे, ढलपी काढायचे आणि खिडकी लावून घ्यायचे. शाळेत असताना उठायचे आणि नोकरी लागल्यावरही उठायचे. आठवीच्या वर्गात मी फळ्यावर लिहून द्यायचे की बंद खोलीत शेगडी पेटवू नये, आणि घरी येऊन स्वतःच्या हातांनी खोली बंद करायचे. आईने लाकूड घेताना वखारीत एकेक तुकडा ठोकून बघितला, उन्हात वाळवला, पावसाळ्यात घरात पलंगाखाली ठेवला. तरी धूर यायचा आणि तरी दोष लाकडाचाच असायचा, म्हणजे आईचा. एकदा मीही तिला म्हणाले, "आई, थोडं देखके घ्यायचं ना लाकूड." ती पुढचं लाकूड घालत राहिली. हे आठवलं की मला आजही स्वतःची चीड येते.

तिचा खोकला वाढत गेला तेव्हा तिला पलासियाला एका छातीच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी नळीत फुंकायला लावलं, छातीचा फोटो बघितला आणि विचारलं, "माताजी ने चूल्हे पे खाना बनाया है? घर में लकड़ी का धुआँ रहता है?"

बाबांनी ताबडतोब उत्तर दिलं, "नहीं सर, हमारे यहाँ शुरू से गैस है."

हे त्यांच्या अभिमानाचं उत्तर होतं. आजी जन्मभर चूल फुंकत राहिली, आपल्या बायकोला एक दिवसही चूल फुंकायला लागणार नाही, असं त्यांनी लग्नातच ठरवलं होतं आणि ते पाळलंही होतं. चूल म्हणजे गरिबी आणि फायरप्लेस म्हणजे साहेबाच्या बैठकीतली वस्तू. या दोहोंतून निघणारा धूर एकच, हे आमच्या डोक्यात येणंच शक्य नव्हतं. डॉक्टरांनी खात्रीसाठी माझ्याकडे बघितलं. मीही मान हलवून नाही म्हटलं. आईने काहीतरी बोलायला तोंड उघडलं, पण तिला खोकल्याची उबळ आली आणि डॉक्टर लिहू लागले. त्यानंतर ती दोन हिवाळे जगली. दोन्ही हिवाळ्यांत शेगडी पेटत होती. ती गेल्यावर मात्र बाबांनी शेगडीला हात लावला नाही. सात वर्षं. मला वाटायचं, आईशिवाय त्यांना त्या आगीसमोर बसवत नसेल. मला त्यांचा फार कळवळा यायचा.

तर ती शेगडी आता पुन्हा पेटवायची होती. दार एका बिजागरीवर लोंबत होतं, म्हणून मी म्हटलं की आधी कुणाला तरी दाखवून घेऊ. बाबा भडकले. "दाखवायचं काय त्यात? मी बसवलीय ती. दार टाईट कर आणि पेटव." पण मी ऐकलं नाही. इंदुरात कुणालाच ते काम माहीत नव्हतं. शेवटी शाळेच्या व्हॅनच्या ड्रायव्हरने मानपुरातला एक मिस्त्री सुचवला. हायवेवरच्या ढाब्यांना भट्ट्या आणि धुराडी बांधून देणं हा त्याचा धंदा. पन्नाशीचा, बारीक, पिशवीतून स्वतःची चटई घेऊन आलेला माणूस. बाबा आतल्या खोलीत झोपले होते.

त्याने आधी शेगडीला हात लावलाच नाही. चटईवर मांडी घालून नुसता बघत बसला. मग बोटांनी पत्रा वाजवावा तशी चारही बाजूंनी ती वाजवली. डावीकडे आवाज फुटका आला. दारात कागदाची पट्टी ठेवून दार लावलं आणि पट्टी ओढली, तर ती अलगद निघून आली. "देखो मैडमजी, डोरी गई," तो म्हणाला. दाराच्या कडेला जी जाड न जळणारी दोरी बसवलेली असते ती पार झिजून गेली होती. मग त्याने मला पडदे ओढायला सांगितले, एक बॅटरी पेटवून शेगडीत ठेवली आणि दार बंद केलं. अंधारात बिडाच्या अंगावर डावीकडे प्रकाशाची एक वाकडी रेघ उमटली, आईच्या पाटाच्या अगदी वर. तडा चांगला हातभर लांब होता.

"बीड में वेल्डिंग पकड़ती नी है," तो म्हणाला. "पट्टी कस दूँगा, भट्टी वाली मिट्टी भर दूँगा. आतल्या... वो अंदर की ईंटें भी बदलनी पड़ेंगी. पर पेले इसको बाहर निकालना पड़ेगा. पीछे से देखे बिना अपन कुछ बोलते नी."

मध्येच एखादा मराठी शब्द घालून मला खूष करायचा त्याचा प्रयत्न मला आवडला. समोरच्या इस्त्रीवाल्याला आणि त्याच्या भावाला बोलावलं. चौकट काढली, खाली लोखंडी नळ्या सरकवल्या आणि तिघांनी मिळून शेगडी पुढे ओढली. चाळीस-पंचेचाळीस वर्षांत ती पहिल्यांदाच जागची हलली. मागून काजळी घरंगळत आली, आधी भुकटी आणि मग डांबरासारखे चकचकीत कपचे. एक बादली भरली, दुसरी भरली. खोलीत जो वास पसरला तो मला ओळखीचा होता. आईच्या शालीला तो वास यायचा, आणि मी तो तिचाच समजत आले होते.

मिस्त्रीने मान आत घातली आणि बराच वेळ बाहेर काढली नाही. मग म्हणाला, "इधर आओ."

शेगडीचं धूर सोडणारं तोंड वर, पण अगदी मागच्या कडेला होतं आणि धुराड्याचं भोक भिंतीत पुढच्या बाजूला. दोन्हींची गाठ पडतच नव्हती. मध्ये वीतभर अंतर होतं. त्या अंतरात एक वाकवलेला पत्रा आणि मातीत बुडवलेल्या पोत्याचे जळके तुकडे लोंबत होते. पोतं कधीच जळून गेलं होतं. म्हणजे निम्माअर्धा धूर वर जात होता आणि उरलेला शेगडीमागे कोंडून चौकटीच्या डाव्या फटीतून बैठकीत येत होता. लाकूड चंदनाचं आणलं असतं तरी आलाच असता.

आणि मग मला ते पोतं आठवलं. मी नऊ वर्षांची होते. दुसऱ्या दिवशी घराची पूजा-वंदना होती, भंते यायचे होते, महूचे आणि नागपूरचे पाहुणे येऊन उतरले होते. गवंड्याने धुराडं बाबांच्या कागदावर होतं तसंच बांधलं होतं. बाबांनी शेगडीचं समोरचं माप घेतलं होतं, तिचं तोंड मागे आहे हे कागदावर यायचं राहून गेलं होतं. भिंत फोडायला वेळ नव्हता. बाबा चिखलात पोतं भिजवत होते आणि मी बॅटरी धरून उभी होते. "अभी के लिए चलेगा," ते म्हणाले होते. "कार्यक्रम आटपला की करतो." मला वाटलं होतं की आपण बाबांना मदत करतोय.

बाबा वॉकर सरकवत दारात येऊन उभे होते ते मला नंतर दिसलं. मिस्त्रीने त्यांना नमस्कार केला आणि अगदी भोळेपणाने विचारलं, "बाऊजी, ये लगाई किसने थी? जिसने भी लगाई, उसने तो घरवालों से दुश्मनी निकाली है."

बाबांनी त्या फटीकडे बघितलं. मग म्हणाले, "था एक मिस्त्री. मर गया वो."

जन्मभर दुसऱ्यांच्या कामावर नापासचे शिक्के मारणारा माणूस. परक्या माणसासमोर बापाला खोटं पाडायचं नाही, एवढं वळण आईने लावलेलं होतं. पण हातातला झाडू मी इतक्या जोरात ठेवला की मिस्त्रीने वळून बघितलं.

काम चार दिवस चाललं. मिस्त्रीने धुराडं वरपासून खालपर्यंत घासलं, पाखरांची घरटी काढली, आतल्या विटा बदलल्या, तड्यावर पट्टी कसली, दाराला नवी दोरी बसवली. वाकडा नळ तयार करून शेगडीचं तोंड आणि धुराडं एकमेकांना जोडलं आणि भोवतीची जागा पत्र्याने आणि मातीने बंद केली. तो नळ बनवायला त्याला मानपुरात एक दुपार लागली. मी मुद्दाम विचारलं. एक दुपार, फक्त. मग त्याने उदबत्ती पेटवून शेगडीच्या दारात धरली. धूर सरळ आत वळला आणि वर निघून गेला. "अब बढ़िया खींच री है," असं म्हणून त्याने चटई गुंडाळली आणि तो गेला. त्या चार दिवसांत बाबा आणि मी जेवण आणि गोळ्या सोडून कशाबद्दलही बोललो नाही.

पाचव्या दिवशी संध्याकाळी मी शेगडी पेटवली आणि तिचं दार उघडं ठेवलं. बाबांना स्वेटर, टोपी, शाल घालून मधोमध खुर्चीत बसवलं. लाकडं वखारीतून आणली होती ती मी न बघताच घेतली होती, आणि त्यातली दोन खरोखरच दमट होती. तरी खोलीत धुराचा मागमूस नव्हता. ज्वाळा ताठ उभ्या होत्या. बाबांच्या तोंडावर उजेड पडला आणि ते एकदम दहा वर्षांनी लहान दिसायला लागले. त्यांनी हात पुढे करून शेकले. मला वाटलं, जाऊ दे. म्हातारा माणूस आहे, एवढं सुख घेऊ दे त्यांना.

आणि मग ते म्हणाले, "बघ. बिलकुल धूर नाही. मी म्हणायचो ना तुझ्या आईला, लकडी सुखी पाहिजे म्हणून."

मी उठले. मागची खिडकी उघडली. बोटभर नाही, पूर्ण. ती ढलपी अजून तिथेच होती, गजामागे, धुळीत पडलेली. ती मी बिजागरीजवळच्या फटीत अडकवली आणि येऊन पाटावर बसले.

"बाबा, लाकूड ओलं नव्हतं. कधीच नव्हतं."

त्यांनी शेकणारे हात मांडीवर घेतले. मग म्हणाले, "मालूम आहे."

"कधीपासून?"

"डॉक्टरनं विचारलं ना पलासियाला. तेव्हा आलं ध्यानात."

मला आधी नीट ऐकू आलंच नाही असं वाटलं. मग मी मोजलं. त्यानंतरचे दोन हिवाळे. आई याच पाटावर होती, औषधाचा पंप पदरात ठेवून, लाकडं घालत. मी विचारलं, "मग बंद का नाही केली शेगडी? नुसती बंद करायची होती."

बाबांनी शाल गळ्याशी ओढून घेतली. त्यांचा आवाज तक्रार सांगणाऱ्या माणसासारखा होता. "एकदम बंद केली असती, तर तू विचारलं असतं ना. क्यों बंद केली म्हणून."

शेगडी छान पेटली होती. खिडकीतून वारा येत होता आणि टोपीच्या कडेने बाबांचे पांढरे केस हलत होते.

"थंडी वाजते गं," ते म्हणाले. "खिडकी लाव."

आई असताना ते नुसतं बघायचे आणि मी उठायचे. त्या संध्याकाळी त्यांनी तीनदा सांगितलं. मी आईच्या पाटावर बसून राहिले आणि शेगडीत आणखी एक लाकूड घातलं.